पंच

मेंबरीणबाईंच्या घराला आज सील लागणार
ही बातमी विट्यात, प्रभाग सातमध्ये,
दुधाच्या आधी घरोघर पोचली.

माग बंद करून माणसं आली.
एरवी लग्नालासुद्धा कुणी माग बंद ठेवत नाही.
खटखट थांबली तशी गल्ली उघडी पडली,
कुजबुजसुद्धा पार चौकापर्यंत ऐकू जायला लागली.

"खाल्ले असतील, म्हणून ही वेळ."
"खाल्ले असते तर ही वेळ आली असती व्हय?"
"म्हंजे खाल्ले न्हाईत म्हणता?"
"आसं कुठं म्हणलो मी?"

यापुढं कुणाला बोलता येईना.
चोर म्हणावं तर घर जातंय,
सरळ म्हणावं तर चार वर्षं आपण हिला
काय काय म्हणालो, ते आठवतंय.

गच्चीवरून लीलाक्का रोकडे म्हणाली,
"गटारीपायी चारदा गेले मी हिच्या दारात.
आता हिला बी कळू दे, दार लागलं की कसं वाटतं."
मग जरा वेळानं, कुणी न विचारता :
"चारीदा च्या मात्र पाजला बाईनं."

एक पोरगं मोबाइल धरून व्हिडिओ काढत होतं.
मागून कुणीतरी म्हणालं, "आडवा धर, आडवा."

नवऱ्यानं बारा मागांसाठी काढलेलं कर्ज.
माग कधीच भंगारात गेले.
व्याज चालू होतं, रात्रपाळीलासुद्धा.

बँकेचा साहेब बोलायला मऊ होता.
एकेक वस्तू मोठ्यानं वाचून लिहून घेत होता :
पंखे तीन. शिलाई मशीन एक.
सत्काराच्या शाली एकोणीस.
स्मृतिचिन्हे, फायबरची, बावीस,
इथं तो थांबला, किमतीच्या रकान्यात काय लिहावं म्हणून,
आणि एक रेघ ओढली.

"दोन पंच पाहिजेत."
गर्दीला एकदम माग आठवले.
मी पुढं होतो.
नीट दिसावं म्हणून पुढं गेलो होतो.

"ओळखीचा काही पुरावा?"
आधार घरी. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत
पोरीच्या ॲडमिशनचा रहिवासी दाखला,
परवाच ह्याच दारातून आणलेला.
तोच दिला. साहेबानं मोठ्यानं वाचला, सवयीनं :
"श्री. बाबासो ज्ञानू तोडकर हे माझ्या प्रभागातील
कायमचे रहिवासी असून
मी त्यांना व्यक्तिशः ओळखते."
खाली जोडाक्षरात अडखळलेली सही,
उज्ज्वला रघुनाथ म्हेत्रे.

साहेबानं कागदावरून मान वर केली.
"हे तुम्हीच दिलंय?"
"मीच," ती म्हणाली. "हितलाच हाय त्यो. वळखते मी."

पटली माझी ओळख.
मी सही केली. दुसरी सही कुणाची झाली, बघितलं नाही.

लाखेचा वास बराच वेळ हटला नाही.
एकेक करून माग सुरू झाले,
आधी लांबचे, मग शेजारचे.

ती कोपऱ्यावर उभी, दोन पिशव्या, पर्समध्ये शिक्का.
तेवढ्यात मागच्या गल्लीची सून आली,
तिला काही माहीत नव्हतं.
"ताई, रहिवासी दाखला पाहिजे हुता."
कुणी हसलं नाही.
कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून ती लिहू लागली.
लेटरहेडवर वर, लाल अक्षरात, त्याच घराचा पत्ता.
पेन तिथं जरा घुटमळलं,
मग खाली उतरलं.

रात्री बायकोनं विचारलं,
"कशी दिसत हुती हो ती?"

मला सांगता येईना.
मी सगळा वेळ
कागदाकडंच बघत होतो.